निवृत्तीनंतर कार ठेवावी की विकावी? नागपूरकरांसाठी एक हिशेब

अठ्ठावन्नला किंवा साठला नोकरी संपते, पगाराच्या जागी पेन्शन येते आणि घरात खर्चाला कात्री लावायची बोलणी सुरू होतात. कात्री आधी चालते ती वर्तमानपत्र, केबल आणि बाहेरच्या खाण्यावर. त्यातून महिन्याला हजार-दीड हजार वाचतात आणि चिडचिड मात्र रोजची होते. माझ्या मते नागपुरातल्या निवृत्त माणसाने पहिला हिशेब मांडावा तो दारात उभ्या असलेल्या कारचा. ऑफिसला जाणं थांबलं तरी तिचे बहुतेक खर्च तसेच चालू राहतात.

समजा कार लहान, पेट्रोलवरची, आठ वर्षं जुनी आहे आणि आता वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालते. शहरात लिटरला १३ किलोमीटर धरले तर पेट्रोलचे २४,००० होतात. १००० ते १५०० सीसीच्या कारला नुसत्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता ३,४१६ रुपये अधिक जीएसटी असतो. पूर्ण विमा घेतला तर ८,००० धरा. सर्व्हिसिंगचे ८,०००, बॅटरी-टायरचा वर्षाचा वाटा ६,०००, रोज कार पुसणाऱ्या मुलाचे ६,०००. झाले ५२,०००.

आता अशी कार अडीच लाखांना गेली असं धरू. हे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तर ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ५,१२५ रुपये, म्हणजे वर्षाला २०,५०० हातात येतात. कार ठेवली की हे व्याज बुडालं. एकूण ७२,५००, म्हणजे किलोमीटरला साधारण २४ रुपये. शिवाय कारची किंमत दरवर्षी उतरते ती वेगळीच. आकडे अंदाजाचे आहेत. आपल्या कपाटातली बिलं काढून त्या जागी आपले आकडे भरावेत.

दुसऱ्या बाजूला महिन्याला दहा ऑटो किंवा कॅबच्या फेऱ्या धरा, फेरीला दीडशे. दोघांचं मेट्रोचं तिकीट महिन्याला ६००. आणि वर्षातून चार वेळा रामटेक, आदासा किंवा लग्नाकार्यासाठी भाड्याची गाडी, प्रत्येक वेळी ३,०००. वर्षाला ३७,०००च्या आसपास जातात. म्हणजे जवळपास ३५,००० वाचतात, आणि तेही कुठे जाणं-येणं कमी न करता.

पण हा हिशेब सगळ्या नागपूरला सारखा लागू होत नाही. मेट्रोच्या दोनच लाइन आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. दोन्ही बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, मिळतात आणि डिसेंबर २०२२ पासून पूर्ण धावताहेत. जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, सुभाष नगर, शंकर नगर अशा स्टेशनांच्या आसपास घर असेल तर मी बिनदिक्कत म्हणेन, कार विका. बर्डी, कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, विमानतळ, सगळं मेट्रोवर आहे. लिफ्ट असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जिने चढावे लागत नाहीत. मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी, गोधनी इकडे राहत असाल तर मात्र ऑटोचा खर्च वरच्या आकड्याच्या पुढे सहज जाईल. तिथे घाई करू नये.

मे महिन्याचा विचार वेगळा करावा लागतो. पारा ४५च्या पुढे गेला की घर ते स्टेशन हे दहा मिनिटांचं चालणंही सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी बाहेर पडायचं तर दारापर्यंत येणारी कॅबच हवी. त्या महिन्याचे जास्तीचे हजार-दीड हजार आधीच बाजूला ठेवावेत. पण कार आहे म्हणून उन्हाळा सुसह्य होतो असंही नाही. उघड्यावर कव्हर घालून उभी केलेली कार मेमध्ये दुपारी उघडून बघा: स्टिअरिंगला हात लावता येत नाही, सीटबेल्टचं बक्कल चटका देतं. आठवडाभर न हललेल्या जुन्या कारची बॅटरी नेमकी बाहेर पडायच्या वेळी बसते. मग दर रविवारी ती नुसती सुरू करून उभी ठेवायची, पेट्रोल जाळत.

स्कूटरचं काय? भाजी, बँक, औषधं यासाठी साठीच्या सुरुवातीला ती उत्तम आणि स्वस्तही. पासष्टीनंतर मी ती सुचवणार नाही. एक पडणं, एक खुब्याचं ऑपरेशन, आणि वाचवलेलं सगळं दवाखान्यात जातं.

कार ठेवण्याच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा म्हणजे रात्री-बेरात्री दवाखान्यात जायचं झालं तर? काळजी खरी आहे. रात्री मेट्रो नसते आणि कॅब लगेच मिळेलच असं नाही. पण छातीत दुखू लागलेल्या माणसाने स्वतः कार चालवायचीच नसते. घरात दुसरं कोणी चालवणारं आहे का, हा खरा प्रश्न. मुलगा पुण्याला आणि काकूंना चालवता येत नाही, अशा घरात त्या वेळी कारचा उपयोग होत नाही. १०८ लाच फोन करावा लागतो. मुलगी किंवा सून जवळ राहते आणि सराईतपणे चालवते, किंवा घरात डायलिसिससारख्या नियमित फेऱ्या आहेत, तर कार जरूर ठेवा, खर्च दुसरीकडे कापा.

कारला पंधरा वर्षं होत आली असतील तर निर्णय त्याआधी घ्या. पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर लागतो आणि गिऱ्हाईकही हात आखडता घेतं. पंचावन्नीनंतर लायसन्सही पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, वैद्यकीय दाखल्यासह.

विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गप्प बसू नका. आरसीवर नवं नाव चढल्याची प्रत मागून घ्या. तोवर अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्रही घेऊन ठेवा. ते तीन वर्षं चालतं, त्यामुळे मन बदललं आणि पुन्हा कार घेतली तर सवलत वाया जात नाही.