श्रमदानाचं घर की हप्त्याचं घरकुल?

२००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीत ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेने १०० घरांचं काम हाती घेतलं, तेव्हा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरही स्वयंसेवकांबरोबर राबले. श्रमदानाच्या या पद्धतीत घर मिळणारं कुटुंबही घमेलं उचलतं. भिंती भराभर चढतात, पण नवख्या हाताने लावलेली वीट ओळंब्यात बसत नाही. गवंडी शेजारी उभा हवाच, नाहीतर थर उतरवून पुन्हा रचावा लागतो.

सरकारी घरकुलात, म्हणजे प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत, सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने थेट खात्यात येतात, वर रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी. चूल कुठे, दार कोणत्या दिशेला, हे घरची बाई ठरवते. मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र हप्ता लांबला की काम दार-खिडक्यांवरच्या लिंटेलपाशी थांबतं, गवंडी दुसरीकडे जातो आणि उघड्या भिंती पावसात भिजतात.

जागा दोन्हीकडे लागतेच. घरात कामावर लक्ष ठेवणारं माणूस असेल तर घरकुलच घ्यावं. एकट्या विधवेला किंवा म्हाताऱ्या जोडप्याला मात्र नुसते पैसे पुरत नाहीत, तिथे श्रमदानाचे हात हवेत.