जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं की जुनं पिस्तूल? पैसे देण्याआधी काय तपासता येतं आणि काय नाही

परवाना झाला आहे आणि समोर दोन जुनी हत्यारं ठेवली आहेत: एक रिव्हॉल्व्हर, एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. दोन्ही तेल लावून पुसलेली. विकणारा दोन्हींबद्दल एकच सांगतोय, ‘फारसं वापरलेलंच नाही.’ अशा वेळी पहिल्यांदा घेणारे बरेच जण रिव्हॉल्व्हरकडे झुकतात. साधं यंत्र, त्यात बिघडायचं काय?

बिघडायला पुष्कळ असतं. फरक एवढाच की रिव्हॉल्व्हरची बरीचशी दुखणी एकही गोळी न झाडता टेबलावर सापडतात. पिस्तूल मात्र टेबलावर गुणी बाळासारखं वागतं आणि सगळ्या खोड्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, काढतं. म्हणून कोणी सल्ला विचारला की मी मॉडेलचं नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, घेण्यापूर्वी झाडून बघायला मिळणार आहे का?

हातात घेतल्यावर

विकणाऱ्याने ‘रिकामं आहे’ म्हटलं तरी स्वतः बघायचं. पिस्तुलाचं आधी मॅगझीन काढायचं, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधली वरची गोळी चेंबरमध्ये (झाडायची गोळी बसते त्या जागेत) चढते, आणि मॅगझीन काढूनही पिस्तूल भरलेलंच राहतं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये बघा आणि बोट घालूनही चाचपा. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) बाहेर काढला की सगळी चेंबर एका नजरेत दिसतात. या बाबतीत ते निःसंशय सोपं. जिवंत काडतुसं त्या खोलीतच नकोत. पुढच्या सगळ्या चाचण्या रिकाम्या हत्यारावर किंवा डमी राउंड (नकली काडतूस) घालून करायच्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. ट्रिगर ओढण्याआधी मालकाची परवानगी घ्या. .२२ रिमफायरमध्ये (काडतुसाच्या कडेवर आघात होणाऱ्या प्रकारात) डमीशिवाय ट्रिगर ओढूच नका, कारण फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते आणि तिथे खाच पडते.

मग स्क्रूकडे बघा. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या, ओरबाडलेल्या असतील तर कोणीतरी चुकीचा पेचकस घेऊन आत शिरलं होतं, आणि शिरलेला माणूस बहुधा ट्रिगर ‘हलका’ करायलाच शिरलेला असतो. पॉलिश नवं पण कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोलावलेल्या, असं दिसलं तर गंज घासून वरून नवा रंग दिलाय असं समजा. मुठीच्या पट्ट्या काढायला सांगा. घाम तिथे मुरतो आणि गंजाचे खड्डे आधी तिथेच पडतात. अनुक्रमांक कागदाशी जुळत नसेल किंवा खरवडलेला असेल तर तपासणी तिथेच थांबवायची. ते हत्यार कितीही चांगलं असलं तरी घ्यायचं नाही.

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये कॅलिबरचा एक खास धोका असतो, जो पिस्तुलात क्वचितच आढळतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी बनलेल्या, .३८/२०० काडतुसाच्या कित्येक स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांची चेंबर पुढे .३८ स्पेशल हे लांब काडतूस बसावं म्हणून खोल कोरली गेली. मूळच्या काडतुसाच्या केसचा (बाहेरच्या धातूच्या नळकांड्याचा) व्यास साधारण ९.८ मिलिमीटर, स्पेशलची ९.६. म्हणून स्पेशलची केस सैल बसते, झाडल्यावर फुगते, कधी उभी फाटते. .४५५ वेबली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचंही तसंच. सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस वापरायची सोय केलेली असते, पण त्या काडतुसाचा दाब वेबलीसाठी जास्त आहे. नळीवर कोरलेलं एक आणि विकणारा सांगतोय दुसरं, असं झालं तर जाणकार बंदूकमिस्त्रीने चेंबर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रिव्हॉल्व्हर: सगळं गणित टायमिंगचं

सिलिंडर बंद करा. डाव्या हाताच्या बोटाने त्याला अगदी हलका अडसर द्या आणि उजव्या अंगठ्याने हॅमर (मागचा घोडा) सावकाश मागे घ्या. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी, निदान त्याच क्षणी, सिलिंडर ‘टक्’ करून खाचेत बसला पाहिजे. हॅमर अडकला आणि सिलिंडर अजून बोटाने पुढे सरकतोय, तर टायमिंग मागे पडलंय. याचा अर्थ झाडताना चेंबर आणि नळी एका रेषेत नसतील. गोळी नळीच्या तोंडाची कड घासत आत जाईल आणि शिशाचे कण बाजूने उडतील, शेजारच्या माणसाच्या गालावरसुद्धा. ही चाचणी प्रत्येक चेंबरवर करायची. सिलिंडर फिरवणारे मागचे दात वेगवेगळे झिजतात, त्यामुळे पाच चेंबर व्यवस्थित आणि सहावं आळशी, असं सर्रास आढळतं. दोनतीन चेंबर बघून समाधान मानणाऱ्यांना हेच नडतं.

नंतर ट्रिगर ओढून तसाच दाबून धरा आणि सिलिंडर आडवा हलवून बघा. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हालचाल चालते. जुन्या कोल्टमध्ये, म्हणजे १९५५ साली आलेल्या मूळ पायथनसारख्या मॉडेलांमध्ये, या अवस्थेत सिलिंडर जणू वेल्ड केल्यासारखा घट्ट असायला हवा. हीच त्या रचनेची शान आणि हीच तिची डोकेदुखी. सिलिंडर ढकलणारा भाग त्यावर सतत ताण ठेवतो, म्हणून तो झिजतो, आणि तो नीट बसवू शकणारे हात आता थोडे उरलेत.

आता सिलिंडर पुढे-मागे ढकला. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजायची, साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असावी. एकदा सिलिंडर मागे दाबून मोजा, एकदा पुढे दाबून. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढची-मागची ढिलाई. थोडी असेल तर पातळ वॉशर घालून जाते, त्याचा बाऊ नको. (रशियन १८९५ चं नागांट मात्र या हिशेबात बसत नाही. त्यात हॅमर चढवताना सिलिंडर स्वतःच पुढे सरकून फट बंद करतो.)

सिलिंडर बाहेर काढून नळीच्या मागच्या तोंडावर टॉर्च मारा. .३५७ मॅग्नमच्या मध्यम आकाराच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये, विशेषतः स्मिथ अँड वेसन मॉडेल १९ मध्ये, हे तोंड खालच्या बाजूला सपाट तासलेलं असतं. तिथे धातू पातळ, आणि हलक्या वजनाच्या जोरदार मॅग्नम गोळ्या पुष्कळ झाडल्या असतील तर तडा नेमका तिथेच जातो. काजळी खरवडून बघा, कारण तडा तिच्याखाली लपतो. तडा असेल तर नळीच बदलायची, आणि तिथे स्वस्ताई संपते.

बंद सिलिंडरच्या पुढे, त्याला धरणारा धातूचा हात (क्रेन) चौकटीला टेकतो तिथे फट दिसली तर कोणीतरी सिनेमातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करत आलंय. तो धातूचा हात वाकलाय. रिव्हॉल्व्हर रिकामं असताना हॅमर चढवून त्याला मागून अंगठ्याने ढकला. हॅमर घसरून पडला तर ते रिव्हॉल्व्हर घेऊ नका. पडझडीतली सुरक्षा वेगळीच गोष्ट. जुन्या घडणीच्या (दर गोळीला हॅमर हाताने चढवावा लागणाऱ्या) सिंगल-अॅक्शनमध्ये हॅमर थेट काडतुसावर टेकतो, म्हणून ती वापरणारे हॅमरखालचं चेंबर रिकामं ठेवतात. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या अशा रिव्हॉल्व्हरांत ट्रान्स्फर बार आणला, म्हणजे ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा आघात काडतुसापर्यंत पोचू न देणारा भाग. त्याआधीचं रुगर घेत असाल तर नंतर तो बसवला गेलाय का, विचारा.

पिस्तूल: उघडून दिसतं ते आणि न दिसणारं

पिस्तुलाची एक मोठी सोय म्हणजे दोन मिनिटांत उघडून नळी सुटी हातात येते. उजेडाकडे धरून बघितली की आत गडद कडं दिसतंय का ते कळतं. ते कडं म्हणजे नळी फुगल्याची खूण: एक गोळी आत अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली. अशी नळी बदलावीच लागते. आतला पूर्ण पृष्ठभाग खडबडीत असेल तर गंजकारक प्रायमरची (काडतुसाच्या बुडातली पेटणारी टोपी) जुनी लष्करी काडतुसं वापरून साफसफाई टाळलेली असते.

स्लाइड हलवली की खडखडते, म्हणून कित्येक जण पिस्तूल खाली ठेवतात. ते घाईचं आहे. अमेरिकी लष्कराची ‘१९११’ मॉडेलची पिस्तुलं खडखडायचीच आणि चालायचीही. महत्त्वाचं हे की स्लाइड बंद असताना वरच्या खिडकीतून नळी अंगठ्याने दाबली तर ती खाली जाता कामा नये. गोळी बाहेर फेकली जाते त्या खिडकीचे कोपरे, स्लाइडच्या आतल्या खाचा, चौकटीतल्या पिनांभोवतीची जागा इथे तडे शोधा. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे चेंबरमधून केस ओढून काढणाऱ्या भागाच्या, आकड्याचं टोक तुटकं नाही ना, भिंग लावून बघा.

मग सुरक्षेच्या चाचण्या. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढा, सोडा, आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा: हॅमर पडता कामा नये. ट्रिगर दाबून धरूनच स्लाइड मागे नेऊन सोडा: हॅमर मागेच राहिला पाहिजे, आणि ट्रिगर सोडल्यावर पुन्हा पकड आल्याचा टिचकीसारखा आवाज यायला हवा. स्लाइड सहा-सात मिलिमीटर मागे धरून ट्रिगर ओढा: काहीच व्हायला नको. यातली एक जरी चाचणी फसली तर झाडून बघण्याचा विचारही सोडा. असं पिस्तूल एका ओढीत एकाहून जास्त गोळ्या सोडू शकतं. शेवटी तोंड वर करून स्लाइड सावकाश सोडा. स्प्रिंगमध्ये दम असेल तर ती आपणहून पूर्ण बंद होते.

हे सगळं पार पडलं तरी ते चालेल याची हमी नाही. गोळी चढेल का, केस दर वेळी बाहेर पडेल का, हे मॅगझीन, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर आणि काडतूस एकत्र आल्याशिवाय कळत नाही. मॉडेलची पार्श्वभूमीही बघून घ्या. सिग सावर कंपनीने २०१७ मध्ये आपल्या पी३२० पिस्तुलासाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, कारण ठरावीक कोनात पडल्यावर ते उडू शकत होतं. त्याआधीचं पिस्तूल असेल तर ती सुधारणा झाली आहे का, हे कंपनीकडून अनुक्रमांकावरून तपासा.

रेंजवर

पिस्तुलात आधी एकच गोळी भरा. ती झाडल्यावर स्लाइड मागे अडकली पाहिजे. मग दोन, एका ओढीत दोन्ही गेल्या तर विषय संपला. त्यानंतर पूर्ण मॅगझीन. मॅगझिनांवर आकडे टाकून ठेवा. अडकण्याचा दोष दर वेळी क्रमांक दोनच्याच मॅगझिनात येत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे. रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या केस गोळा करून प्रायमरवरचा ठसा बघा. सतत एका बाजूला सरकलेला असेल तर टायमिंगबद्दलची शंका पक्की. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण दोन्हींसाठी, हे सांगायला नको.

मग कोणतं?

रेंज मिळणार असेल तर मी पिस्तुलाकडे झुकेन. त्याचे झिजणारे भाग, म्हणजे रिकॉइल स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझीन, तयार मिळतात आणि सहसा कानशीला हात न लावता बसतात. रिव्हॉल्व्हरचे भाग एकेका सिलिंडरला घासून जुळवावे लागतात. मजुरी भागापेक्षा जास्त जाते. झाडून बघायची सोय नसेल आणि निर्णय टेबलावरच घ्यायचा असेल तर सगळ्या चेंबरांवर टायमिंग बिनचूक असलेलं, नळीचं तोंड स्वच्छ असलेलं रिव्हॉल्व्हर घ्या. त्याच्याबद्दल तुम्हाला जवळपास सगळं कळलेलं असतं.

रेंज नाही आणि पिस्तूलच हवंय, अशी अडचण असेल तर अजून उत्पादनात असलेलंच मॉडेल निवडा, स्प्रिंगांचा नवा संच आणि निदान दोन नवी मॅगझिनं किमतीतच धरा, आणि ती बसवून शंभरेक गोळ्या विनातक्रार झाडल्या जाईपर्यंत स्वसंरक्षणासाठी त्याच्यावर विसंबू नका.