फ्रॅक्टल टॉरेंट आणि नॉक्टुआ एनएच-डी१५ जी२: गेमिंग संगणकाच्या शीतनाचे परीक्षण

माझ्या आधीच्या गेमिंग संगणकात ३६० मिलीमीटर रेडिएटरचा (पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीचा) लिक्विड कूलर होता, पुढच्या बाजूला अखंड काच असलेले देखणे कॅबिनेट होते आणि तासभर खेळल्यावर ग्राफिक्स कार्डाचे तापमान ८० अंशांच्या पलीकडे जात असे. एके दिवशी केबल नीट लावण्यासाठी बाजूची काच काढली आणि ती परत बसवायची राहून गेली. त्या संध्याकाळी तोच गेम त्याच सेटिंगवर चालवला, तेव्हा कार्डाचे तापमान जवळपास दहा अंशांनी कमी होते; प्रोसेसरचे मात्र होते तिथेच होते. ज्या भागासाठी शीतनाचा सगळा खर्च केला त्याला तो फारसा लागतच नव्हता, आणि ज्याचा जीव गुदमरत होता त्याच्यासाठी मी काहीच केले नव्हते. नवा संगणक जुळवताना म्हणून मी क्रम उलटा केला आणि आधी कॅबिनेट, मग कूलर आणि त्यानंतर बाकीचे भाग निवडले. काही महिन्यांच्या वापरानंतरचे हे परीक्षण मुख्यतः पहिल्या दोन वस्तूंचे आहे.

यामागचा हिशेब साधा आहे. एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरचा अधिकृत टीडीपी, म्हणजे शीतनासाठी गृहीत धरायची उष्णता, १२० वॅट आहे आणि पूर्ण भार पडला तर तो १६२ वॅटपर्यंत जाऊ शकतो. परंतु गेम खेळताना माझ्याकडे तो बहुतेक वेळ ६० ते ९० वॅटच्या दरम्यान असतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०८० कार्डाची मर्यादा ३६० वॅट आहे आणि ४के रेझोल्यूशनवर ते तिच्या आसपास तासन्‌तास राहू शकते. ५०९० घेतले तर हाच आकडा ५७५ वॅटवर जातो. म्हणजे पेटीत तयार होणाऱ्या उष्णतेचा सुमारे चार पंचमांश वाटा एकट्या ग्राफिक्स कार्डाचा असतो, आणि कार्डाचा हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूच्या पात्यांचा भाग, ती उष्णता कॅबिनेटमधल्याच हवेत सोडतो. ती हवा बाहेर पडली नाही, तर कार्ड आपलीच तापलेली हवा पुन्हा आत ओढत राहते आणि मग त्याच्यावर दोन पंखे असोत वा तीन, फरक पडत नाही. शिवाय कूलर कितीही महाग असला तरी उष्णता शेवटी खोलीतच येते. त्यामुळे कोणाचेही तापमानाचे आकडे वाचताना खोलीचे तापमान किती होते, हे आधी विचारावे.

फ्रॅक्टल डिझाइनचे टॉरेंट हे कॅबिनेट २०२१ साली बाजारात आले आणि त्याच्या रचनेत हा हिशेब गृहीत धरलेला दिसतो. पुढे १८० मिलीमीटरचे दोन आणि तळाशी १४० मिलीमीटरचे तीन पंखे कॅबिनेटबरोबरच येतात आणि ते पाचही हवा आत घेतात. पॉवर सप्लाय नेहमीप्रमाणे तळाशी नसून वरच्या बाजूला आहे. पहिल्यांदा पाहताना हे उफराटे वाटते. पण त्यामुळे तळ मोकळा राहतो आणि खालच्या तीन पंख्यांची बाहेरची हवा मध्ये काहीही न येता थेट ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांवर जाते. पॉवर सप्लायचे आवरण तळाशी असलेल्या कॅबिनेटमध्ये कार्डाला बहुधा पुढून वळून आलेली हवा घ्यावी लागते; इथे ती थेट ताटात वाढल्यासारखी मिळते. मोठ्या पंख्यांचा दुसरा फायदा आवाजाचा आहे: तेवढीच हवा ढकलण्यासाठी १८० मिलीमीटरच्या पंख्याला १२० मिलीमीटरच्या पंख्यापेक्षा बरेच हळू फिरावे लागते, आणि जो आवाज उरतो तो शिट्टीसारखा नसून वाऱ्यासारखा असतो.

आत येणारी हवा जास्त असल्यामुळे कॅबिनेटमध्ये दाब किंचित वाढतो आणि तापलेली हवा मागच्या जाळीतून आपोआप बाहेर पडते. मागे मी १४० मिलीमीटरचा एक पंखा लावून पाहिला. कार्डाच्या तापमानात त्याने काही फरक पडला नाही, प्रोसेसरच्या तापमानात एखाद-दुसऱ्या अंशाचा पडला. तो तसाच ठेवला आहे, पण तो नसता तरी मी तक्रार केली नसती. धूळ मात्र मुख्यतः पुढच्या आणि तळाच्या फिल्टरवर जमते, फटीफटींतून आत ओढली जात नाही, आणि हे फिल्टर काढून धुणे सोपे आहे.

टॉरेंटच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ते रुंद आणि अवजड आहे. वरच्या बाजूला पॉवर सप्लाय असल्याने तिथे रेडिएटर बसत नाही. तो लावायचाच असेल तर पुढे किंवा तळाशी लावावा लागतो, म्हणजे ज्यासाठी हे कॅबिनेट घ्यायचे तीच मोकळी वाट आपण होऊन अडवावी लागते. तळाचे पंखे खालून हवा घेत असल्याने हे कॅबिनेट जाड गालिच्यावर ठेवू नये. जुने कॅबिनेट दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी: २०२२ च्या सुरुवातीला त्यातील फॅन हबमध्ये (सगळे पंखे जोडण्याच्या पट्टीत) शॉर्ट सर्किटचा धोका आढळल्याने कंपनीने विक्री थांबवून हब बदलून दिले होते. विकणाऱ्याच्या कॅबिनेटचा हब बदललेला आहे याची खात्री झाल्याशिवाय व्यवहार करू नये.

आता कूलर. नॉक्टुआचा एनएच-डी१५ २०१४ साली आला आणि त्याची ही दुसरी आवृत्ती, जी२, दहा वर्षांनी, २०२४ मध्ये आली. धातूच्या पात्यांचे दोन मनोरे, उष्णता वर नेणारे आठ हीटपाइप, १४० मिलीमीटरचे दोन पंखे, १६८ मिलीमीटर उंची आणि पंख्यांसह सुमारे दीड किलो वजन असा त्याचा पसारा आहे. दोन पंख्यांचा वेग मुद्दाम किंचित वेगळा ठेवलेला आहे, कारण अगदी सारख्या वेगाने फिरणारे दोन पंखे एकमेकांच्या आवाजात मिसळून चढउतार होणारी गुणगुण निर्माण करतात. अशा बारकाव्यांवर दहा वर्षे घालवणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे, मग पंख्यांचा तो तपकिरी रंग कितीही खटकला तरी.

खरेदी करताना गोंधळ होतो तो आवृत्तीचा. या कूलरचा प्रोसेसरला टेकणारा तळ तीन प्रकारच्या उंचवट्यांत मिळतो: नेहमीचा, अधिक फुगीर म्हणजे एचबीसी आणि जवळपास सपाट म्हणजे एलबीसी. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा) पकडीच्या दाबाने प्रोसेसरचे धातूचे झाकण काळाच्या ओघात वाकते, त्याच्यासाठी फुगीर तळ उपयोगी पडतो. माझ्या प्रोसेसरच्या एएम५ या एएमडीच्या सॉकेटमध्ये झाकण सपाट राहते, म्हणून मी एलबीसी घेतला. दुसरा मुद्दा जागेचा आहे. एएम५ प्रोसेसरमध्ये उष्णता निर्माण करणारी कोअरची (गणना करणाऱ्या भागांची) चिप झाकणाच्या मध्याखाली नसून एका कडेला असते. कूलर त्या बाजूला ७ मिलीमीटर सरकवून बसवण्याची सोय इथे दिलेली आहे आणि त्यामुळे एक ते तीन अंशांचा फायदा होतो, असे कंपनी म्हणते. मी तो सुरुवातीपासूनच सरकवून बसवला, त्यामुळे माझ्याकडे तुलनेचा आकडा नाही. पण तेच चार स्क्रू दुसऱ्या भोकांत लावायचे असल्याने न करण्याचे कारणही नाही.

बसवताना दोन अडचणी आल्या. माझ्या रॅमची धातूची आवरणे (हीटस्प्रेडर) उंच आहेत, त्यामुळे पुढचा पंखा वर सरकवावा लागला आणि एकूण उंची आणखी वाढली. टॉरेंटमध्ये १८८ मिलीमीटरपर्यंत जागा असल्याने ते निभावले, अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूची काच बसली नसती. दुसरे असे की कूलर आणि कार्ड दोन्ही जागेवर बसल्यावर त्यांच्या मधल्या फटीत बोट जात नाही, त्यामुळे कार्ड काढताना स्लॉटची कळ दाबता येत नाही. ती दूरच्या बटणाने सोडवण्याची सोय असलेला मदरबोर्ड घ्यावा. हा सल्ला मी लांब पट्टीने कळ ढकलत असताना स्वतःलाच दिला.

इतक्या मोठ्या कूलरची या प्रोसेसरला गरज आहे का, हा प्रश्न रास्त आहे. ९८००एक्स३डीमध्ये ९६ मेगाबाइट एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान स्मृती, आहे. आधीच्या ७८००एक्स३डीमध्ये जास्तीच्या कॅशेचा थर कोअरच्या चिपवर बसवलेला होता, उष्णतेला तो ओलांडून वर यावे लागे आणि म्हणून कमाल तापमान ८९ अंशांवर रोखले होते. नव्या रचनेत तो थर खाली गेला, कोअर झाकणाच्या जवळ आले, मर्यादा ९५ अंश झाली आणि बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, ४.२ वरून ४.७ गिगाहर्ट्झवर गेला. थोडक्यात, हा प्रोसेसर थंड ठेवणे आधीच्यापेक्षा सोपे आहे. कित्येक पट स्वस्त असलेला थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई त्याला गेममध्ये व्यवस्थित सांभाळतो आणि बजेट आखडते असेल तर मी तोच सुचवीन. नॉक्टुआच्या जास्तीच्या पैशांत फ्रेम, म्हणजे गेममध्ये दर सेकंदाला दिसणारी चित्रे, वाढत नाहीत. शांतता वाढते, आणि पुढे सॉकेट बदलला तरी नवे माउंटिंग मिळण्याची शक्यता वाढते, कारण या कंपनीचा तो जुना शिरस्ता आहे.

लिक्विड कूलरला माझा तात्त्विक विरोध नाही. दहापेक्षा अधिक कोअर सतत पूर्ण भाराने चालवणाऱ्या कामाला, उदाहरणार्थ व्हिडिओ रेंडरिंगला, ३६० मिलीमीटरचा चांगला रेडिएटर खरोखर उपयोगी पडतो. पण त्यात पंप हा झिजणारा भाग वाढतो, वर्षांगणिक नळ्यांतून थोडे पाणी झिरपून उडते आणि आत शिरलेली हवा सगळ्यांत उंच ठिकाणी साचते. ते ठिकाण पंप असता कामा नये, म्हणून रेडिएटरचे टोक नेहमी पंपापेक्षा वर असावे लागते. माझ्या जुन्या कूलरचा पंप दुसऱ्या वर्षी खुळखुळू लागला होता.

बाकीच्या भागांविषयी थोडक्यात. रॅमच्या दोनच काड्या घ्याव्यात. डीडीआर५-६००० सीएल३० (६००० हा वेग, सीएल३० ही प्रतिसादाची दिरंगाई) हा एएम५ साठी सरावाचा आणि पुरेसा वेग आहे, चार काड्या लावल्या की एएमडीची अधिकृत हमी ३६०० वर उतरते. पाचव्या पिढीचा एसएसडी गेमसाठी आवश्यक नाही, चौथ्या पिढीचा पुरतो आणि कमी तापतो. ५०८० साठी एनव्हिडिया ८५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. तो एटीएक्स ३.१ या मानकाचा असावा, म्हणजे कार्डाला वीज देणारी १२व्ही-२एक्स६ केबल अॅडॉप्टरशिवाय थेट मिळते. ३६० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ३० अँपिअर, आणि ते सहा बारीक पिनांतून जातात. म्हणून कनेक्टर शेवटपर्यंत आत गेला आहे हे डोळ्यांनी पाहावे, आणि काच लावताना केबल मुळाशीच वाकणार नाही याची काळजी घ्यावी.

सर्वांत मोठा फरक मात्र एका फुकटच्या गोष्टीने पडला. बहुतेक मदरबोर्ड कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवतात, आणि ते तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणभर उसळते. त्यामुळे पंखे उगाच खालीवर होतात आणि कार्ड तापलेले असताना शांत बसतात. फॅन कंट्रोल या मोफत प्रोग्रॅमने मी पाचही पंखे कार्डाच्या तापमानाला बांधले आणि प्रोसेसरच्या पंख्यांना काही सेकंदांची दिरंगाई दिली. खोलीत २६ अंश असताना तासाभराच्या खेळानंतर आता कार्ड ६३-६४ अंशांवर आणि प्रोसेसर सत्तरीच्या आत स्थिरावतो. कार्ड थोडे अंडरव्होल्ट केल्यावर, म्हणजे कमी व्होल्टवर चालवल्यावर, वापर ३०० वॅटच्या आसपास आला आणि फ्रेममधला फरक मला मोजल्याशिवाय कळला नाही.

एक तक्रार राहिली आहे आणि ती या दोन्ही वस्तूंची नव्हे. पंखे इतके शांत झाले आहेत की पूर्वी त्यांच्या आवाजात बुडून जाणारी कार्डाची कॉइल व्हाइन, म्हणजे कॉइलचा तो बारीक किणकिणाट, आता मेन्यूच्या पडद्यावर स्पष्ट ऐकू येतो. तिथे फ्रेम शेकड्यांनी वाढतात तेव्हा तो सर्वाधिक असतो. फ्रेमची मर्यादा सेकंदाला १४० वर बांधल्यावर तो बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही.