‘घासण्याची गरज नाही’ म्हणणारा डीग्लॉसर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दारा-खिडक्यांवरचे जुने स्टेन आणि वार्निश न घासता त्यांवर थेट प्रायमर लावता येतो, असे डब्यावर ठळक अक्षरांत छापलेला एक डीग्लॉसर, म्हणजे जुन्या थराची चमक घालवण्यासाठी त्यावर पुसायचा द्रव, मी गेल्या उन्हाळ्यात बाहेरच्या लाकूडकामासाठी वापरला. रंगकाम झाल्यावर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी त्याविषयी चांगलेच सांगितले, कारण तेव्हा रंग एकसारखा बसला होता आणि नखाने खरवडूनही निघत नव्हता. पावसाळा ओसरता ओसरता मात्र खिडकीच्या उजव्या झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीला पोपडे धरले आणि माझे मत बदलले.

तयारी मी मुद्दाम दोन पद्धतींनी केली होती. त्या खिडकीची डावी झडप आधी १२० आणि मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासली, तर उजवी डब्यावरील सूचनेनुसार फक्त डीग्लॉसरने पुसली. धुणे, वाळवणे, तेलाधारित प्रायमर आणि वरून अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात हे सर्व दोन्ही झडपांना सारखेच होते, आणि शेजारी शेजारी असल्यामुळे ऊन-पाऊसही त्यांनी सारखाच सोसला. डावी झडप आजही जशीच्या तशी आहे.

डीग्लॉसरच्या कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाशी झालेला वाद इथे सविस्तर सांगतो, कारण असेच उत्तर इतरांनाही मिळू शकते. ‘लाकडात ओल होती, त्यामुळे रंग सुटला’ असे मला कळवण्यात आले. रंग लावण्यापूर्वी आर्द्रतामापकाचे आकडे दोन्ही झडपांवर १५ टक्क्यांच्या खालीच होते, पण त्याहून मोठा पुरावा सुटलेल्या पापुद्र्याच्या पाठीवर होता. थर नेमका कोठे तुटला आहे, यावरून कारण बरेचसे कळते. लाकडाच्या आतून ओल वर ढकलली असती, तर जुने वार्निशही फुगून उचलले गेले असते आणि खाली उघडे लाकूड दिसले असते. इथे पापुद्र्याच्या पाठीला प्रायमर अखंड चिकटलेला होता आणि खाली जुने वार्निश तसेच गुळगुळीत आणि चकचकीत होते. म्हणजे प्रायमरने वार्निशला धरलेच नव्हते. ज्या एका कामासाठी हा द्रव विकत घेतला, तेच झाले नव्हते. ही छायाचित्रे पाठवल्यावरही तेच उत्तर पुन्हा आले, याची मला मनापासून चीड आहे.

पकड तपासण्याची एक साधी रीत आहे. धारदार पात्याने रंगावर उभ्या-आडव्या समांतर रेघा मारून चौकड्या पाडायच्या, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून ती झटकन ओढायची आणि किती चौकडे उखडले ते पाहायचे. आयएसओ २४०९ या मानकात याच चाचणीला ० ते ५ अशी श्रेणी दिलेली असून ० म्हणजे उत्तम पकड. घरच्या चिकटपट्टीने मानकाइतका काटेकोर निकाल मिळत नाही, तरी तुलना करता येते: डाव्या झडपेचा एकही चौकडा हलला नाही, आणि उजव्या झडपेचा वरवर शाबूत दिसणारा भागसुद्धा पट्टीबरोबर निघून आला.

इथवर लिहून मी डीग्लॉसरला सरळ निकामी ठरवणार होतो. पण मुख्य दरवाजाच्या नक्षीदार पट्ट्यांनाही मी तोच द्रव लावला होता, कारण त्यांच्या खाचांत पेपर पोचत नाही, आणि तिथला रंग चाचणीतही पक्का निघाला. या फरकाचे उत्तर जुन्या थरात आहे. आतल्या, सहज न दिसणाऱ्या कडेवर स्पिरिटचा बोळा ठेवला, तेव्हा दरवाजाचा थर मऊ होऊन चिकट झाला, म्हणजे ते लाखेचे पॉलिश होते. खिडकीच्या थरावर स्पिरिटचा परिणाम झाला नाही आणि लॅकर थिनरचाही झाला नाही; असा थर बहुधा पॉलियुरेथेनचा, म्हणजे कडक कृत्रिम वार्निशचा असतो. डीग्लॉसरमधील द्रावके लाखेसारखा थर सैल करतात, पण पूर्ण पक्व झालेल्या पॉलियुरेथेनवर त्यांचे फारसे चालत नाही. तिथे पॉलिश पेपरचे ओरखडेच प्रायमरला धरायला जागा देतात. ‘घासण्याची गरज नाही’ या ओळीपुढे कोणत्या थरावर, एवढे छापले असते, तर एवढा प्रायमर आणि रंग वाया गेला नसता. एका डब्याच्या किमतीत सगळ्या खिडक्या घासण्यापुरता पॉलिश पेपर येतो, हेही मला खटकते.

घासण्याविषयी काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. थर घट्ट असेल, तर लाकूड उघडे पडेपर्यंत घासण्याची गरज नसते, चमक पूर्ण जाऊन पृष्ठभाग मंद दिसला की पुरे. आणि फार बारीक पेपरने घोटत बसल्यास पकड उलट कमी होते. जिथे लाकूड उघडे पडेल, तिथे प्रायमर लांबणीवर टाकू नये. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडातील तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन झिजते, आणि काही आठवडे उघड्या राहिलेल्या लाकडावर रंगाची पकड कमी होते, हे अमेरिकेतील मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या चाचण्यांतून दिसून आलेले आहे. वार्निशखाली जुन्या तेलरंगाचे थर असतील, तर त्यांत शिसे असण्याची शक्यता धरून कोरडे घासणे टाळावे.

दरवाजाची खालची कड हा याच कामातला, पण सहसा राहून जाणारा भाग आहे. उभ्या पट्ट्यांच्या टोकांना लाकडाचे तंतू उघडे असतात आणि तिथून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने शिरते, म्हणून दरवाजा बिजागऱ्यांवरून उतरवून ती कडही घासावी आणि प्रायमरने भरावी.

उजव्या झडपेवरचा रंग आता खरडून काढून, जुने वार्निश ८० आणि मग १२० नंबरने मोडून पुन्हा प्रायमर लावणार आहे. उरलेला डीग्लॉसर फक्त नक्षीच्या खाचांसाठी ठेवला आहे. नव्याने घेणाऱ्याने आधी स्पिरिटची चाचणी करावी, आणि थर मऊ झाला तरच डबा घ्यावा, तोही लहानात लहान.