एन्डलेस ओशन ल्युमिनस: एका बेडूकमाशासाठी घेतलेला गेम

गेल्या पावसाळ्यात कॉलेज रोडच्या एका दुकानातून मी 'एन्डलेस ओशन ल्युमिनस' या समुद्रात पोहायच्या व्हिडिओ गेमचं सेकंडहँड कार्ट्रिज घेतलं. तो ज्यावर चालतो तो निन्टेन्डोचा स्विच हा गेम कन्सोल भारतात कंपनी स्वतः विकत नाही, त्यामुळे नाशिकला जे मिळतं ते बाहेरून आलेलं असतं, हे आधी लक्षात घ्या. मला दिलेलं पहिलं कार्ट्रिज कन्सोलने वाचलंच नाही. दुकानदाराने दोन चकरा मारायला लावून बदलून दिलं, तेही बिल जपून ठेवलं होतं म्हणून. दुकानातच लावून बघा, मगच पैसे द्या.

हा गेम मी घेतला तो एका माशासाठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंदमानला, स्वराज द्वीपावर, मी स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायचा, कोर्स केला. शेवटच्या दिवशी तेरा मीटरवर आमच्या गाइडने काठीने एका पिवळ्या स्पंजकडे बोट दाखवल्यासारखं केलं. मी बघत राहिले. स्पंजच होता. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे; दिवसभर मशिनवरून आलेल्या पार्टवर ओरखडा, बर (कडेला राहिलेली धातूची बारीक धार), बारीक चीर शोधायची हे माझं काम, वीस वर्षांचं. तरी मला दिसेना. मग त्या स्पंजचा एक ठिपका हलला आणि तो डोळा निघाला. डोळा सापडल्यावर तोंड सापडलं, खाली वळलेलं, रुसलेल्या म्हातारीसारखं. अंगावर चामखिळीसारखे फोड. लांबी माझ्या तळहाताएवढी. गाइडने पाटीवर लिहिलं, 'वॉर्टी फ्रॉगफिश'. मराठीत याला रुळलेलं नाव मला कुठे मिळालं नाही, म्हणून मी बेडूकमासा म्हणते.

नऊ मिनिटं आम्ही तिथे होतो. त्या नऊ मिनिटांत त्याने दोन गोष्टी केल्या. एकदा जांभई दिली, इतकी मोठी की क्षणभर मासा नाहीसा होऊन नुसतं तोंड उरलं. आणि एकदा पाऊल टाकलं. पोहला नाही, चालला. पुढचा पर हाताच्या पंजासारखा उचलून, चाचपून, प्रवाळाच्या कडेवर ठेवला, मग अंगाचा भार त्यावर टाकला. आजी ओल्या पायरीवर उतरताना ठेवायची तसा. ते मी विसरू शकत नाही.

परत आल्यावर जमेल तेवढं वाचलं. बेडूकमाशांच्या सुमारे ५० जाती आहेत. खोल समुद्रातले डोक्यावर दिवा मिरवणारे अँगलरफिश याच गणातले. बेडूकमाशाच्या पाठीच्या पराचा पहिला काटा कपाळावर येऊन गळाच्या काठीसारखा झालेला असतो, टोकाला आमिष. केसाळ बेडूकमाशाचं आमिष तर हुबेहूब वळवळत्या अळीसारखं. अंगाला खवले नाहीत. कल्ल्यांची भोकं पुढच्या परांच्या मागे, म्हणजे कोपराच्या मागे म्हणा ना, आणि तिथून पाणी जोराने सोडून तो पुढे ढकलला जातो. रंग बदलतो, पण झटक्यात नाही. दिवस लागतात, कधी आठवडे. सावज जवळ आलं की मात्र तोंड एकदम बारापट फुगतं आणि पाण्यासकट ते आत ओढलं जातं. याला लागतात सहा मिलिसेकंद. आपली पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. स्वतःएवढा मासासुद्धा तो गिळतो.

आता गेमकडे येते. जपानच्या अरिका कंपनीने बनवलेला, २ मे २०२४ ला आलेला. या मालिकेतला आधीचा भाग वी कन्सोलवर २००९ मध्ये आला होता, म्हणजे चाहत्यांनी फार वाट पाहिली. यात पाचशेहून जास्त जलचर आहेत. ऑक्सिजन संपत नाही, शार्क चावत नाही, कोणी मरत नाही. प्रत्येक डुबकीत समुद्राचा नकाशा नवा मांडला जातो. एकट्याने पोहा, गोष्ट खेळा, किंवा ऑनलाइन एकूण तीस जणांपर्यंत मिळून उतरा. त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागते. मी भरली नाही. मला एकटीलाच बरं वाटतं.

खेळायचं कसं, तर एल बटण दाबून धरायचं. प्रकाशाचा झोत जातो, समोरचे मासे उजळतात, नोंद होते, नाव आणि माहिती वाचून दाखवली जाते. कामावरून आल्यावर, बाहेर पाऊस लागलेला, हातात चहा, आणि समोर निळं पाणी. तासभर कसा जातो कळत नाही. आईचे गुडघे गेलेत, तिने समुद्र पाहिला तो आयुष्यात एकदा, मुंबईला. आता ती शेजारी खुर्ची ओढून बसते आणि "त्या मोठ्याच्या मागे जा" म्हणून सांगते. कसारा घाट न उतरता आईला देवमासा दाखवता आला, त्याचे पैसे माझ्यापुरते वसूल आहेत.

पण बेडूकमाशाच्या बाबतीत मला या गेमशी भांडायचंय. ज्याचं अख्खं शरीर दिसू नये म्हणून घडलंय, त्याला इथे एका बटणाने उजेडात आणलं जातं. मला तो सापडला तेव्हा मी त्याला पाहिलंच नव्हतं. एल दाबलं होतं, झोतात दहा-बारा मासे आले, त्यात एक नाव त्याचं. नोंद आधी, नजर नंतर! मागे जाऊन बघितलं तेव्हा मासा छान काढलेला होता, पण माझ्यासमोर त्याने कधी काही गिळलं नाही, आमिष हलवून कोणाला फसवलं नाही. तेरा मीटरवरही त्याने शिकार केली नव्हती, हे खरं. पण तिथे शेजारून जाणारा प्रत्येक बारका मासा बघून माझा श्वास अडकत होता. इथे तसं होत नाही, कारण इथे कोणी कोणाला खाणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं.

याच्या उलट टोकाला 'डेव्ह द डायव्हर' आहे, २०२३ चा. दिवसा भाला घेऊन मासे मारायचे, रात्री सुशीच्या हॉटेलात वाढायचे. पाण्यातली भीती त्यात आहे, पण मासा तिथे शेवटी ताटातला. भाचा तो तासन्‌तास खेळतो, मला नाही जमत.

त्या भाच्याबरोबरच मी ल्युमिनस खेळायची एक पद्धत बसवली. रविवारी तो पंचवटीहून येतो. नियम एकच: आधी बोटाने टीव्हीवर दाखवायचं, मगच एल. स्पंज, दगड, प्रवाळ, सगळं नुसत्या डोळ्यांनी तपासायचं. पहिल्या दिवशी तो कंटाळला. दुसऱ्या रविवारी दहा मिनिटं गप्प बसून होता. मग उठून टीव्हीपाशी गेला, काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "मावशी, या दगडाला तोंड आहे."

मी एल दाबलं. तो खरंच दगड होता. पण त्याने ज्या तऱ्हेने बघितलं होतं, ती मला ओळखीची होती.

ज्यांना थरार हवा त्यांनी घेऊ नका, दोन दिवसांत विकाल. माहिती इंग्रजीत वाचली जाते, लहान मुलांना शेजारी बसून सांगावी लागेल. घरात म्हातारं माणूस असेल, किंवा कधी पाण्याखाली जाऊन आला असाल आणि परत जाणं लांबलं असेल, तर जरूर घ्या. माझं कार्ट्रिज विकायला आहे का, असं दोघांनी विचारलं. नाही. या रविवारी आम्ही पुन्हा शोधणार आहोत.