आयक्लाउड प्लसमधला प्लस जाणार का?

ऑक्टोबर २०२५मध्ये ॲपलने 'ॲपल टीव्ही प्लस'मधला प्लस गुपचूप काढून टाकला आणि सेवेचं नाव नुसतं 'ॲपल टीव्ही' करून टाकलं. त्या नावाची टीव्हीला जोडायची पेटी आधीपासून आहे, त्याच नावाचं ॲपही आहे, आता सेवाही तीच. गोंधळ झाला तर झाला. मला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय: पुढचा नंबर आयक्लाउड प्लसचा, म्हणजे फोटो, बॅकअप वगैरे इंटरनेटवर ठेवायच्या ॲपलच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेचा का?

कंपनी याबद्दल काही बोललेली नाही, हा निव्वळ माझा तर्क. पण हवेतला नाही. आयबुक्सचं २०१८मध्ये ॲपल बुक्स झालं. आयट्यून्स या संगीताच्या ॲपचे २०१९मध्ये मॅकवर वेगवेगळ्या ॲपमध्ये तुकडे झाले. ॲपल आयडीला २०२४पासून ॲपल अकाउंट म्हणतात. म्हणजे सेवांच्या नावातला 'आय' हळूहळू गळतोय आणि आता प्लसही गळायला लागलाय. दोन्ही वजा केले की उरतं 'ॲपल क्लाउड'. पैज लावायची तर मी या नावावर लावीन.

या सेवेला नामांतराचं वावडं कधीच नव्हतं म्हणा. जानेवारी २०००मध्ये ती आयटूल्स म्हणून आली, फुकट. मॅक डॉट कॉमचा ईमेल पत्ता आणि आयडिस्क या ऑनलाइन साठवणीत २० एमबी जागा, एवढ्यावर लोक खूश होते. जुलै २००२मध्ये तिची डॉट मॅक झाली आणि वर्षाला जवळपास १०० डॉलर मोजा, नाहीतर पत्ता सोडा असं सांगण्यात आलं. फुकटची सवय लावून मग पैसे मागितल्यावर जो आरडाओरडा व्हायचा तो झाला. मग जून २००८मध्ये मोबाइलमीची घोषणा झाली.

मोबाइलमीवर जरा थांबायला हवं, कारण नामांतर कसं करू नये याचा तो वस्तुपाठ आहे. त्याआधीची काही वर्षं डॉट मॅकचे वर्गणीदार आशेवर जगत होते. जागा वाढवा, आयडिस्कचा वेग वाढवा, फोनशी नीट जुळवून द्या, अशी आमची यादी ठरलेली. २००७मध्ये जागा १ जीबीवरून १० जीबी झाली, फोटोंची वेब गॅलरी आली, आणि वाटलं की गाडी रुळावर येतेय. मग नवं नाव आलं, २० जीबी आले, आणि मेल, पत्ते, कॅलेंडर सगळीकडे क्षणात पोचेल असं वचनही आलं. योजना कागदावर खरंच चांगली होती. पण ती बाजारात आली कधी, तर आयफोन थ्रीजी, फोनचं नवं सॉफ्टवेअर आणि ॲप स्टोअर यांच्याबरोबर, २००८च्या जुलैत, एकाच आठवड्यात. सर्व्हर कोलमडले. शंभरातल्या साधारण एका वर्गणीदाराची मेल कित्येक दिवस बंद राहिली. 'क्षणात' हे वचनही अर्धंच निघालं, कारण संगणकावर केलेला बदल वर चढायला पंधरा मिनिटांपर्यंत लागत. शेवटी कंपनीला तो शब्द जाहिरातीतून मागे घ्यावा लागला. वर्गणीची मुदत आधी तीस दिवसांनी वाढवली, मग आणखी साठ. २०११मध्ये आयक्लाउड जाहीर करताना स्टीव्ह जॉब्झनी मंचावरूनच मोबाइलमीची खिल्ली उडवली होती.

आयक्लाउड तगलं ते नावामुळे नाही. जॉब्झनी वार्षिक वर्गणीच काढून टाकली, ५ जीबी सगळ्यांना मोफत दिले आणि फोनचा बॅकअप संगणकाशिवाय होऊ लागला. मुळात रचना बदलली, नाव नंतरची गोष्ट. २०२१मध्ये पैसे भरणाऱ्यांसाठी त्याचं आयक्लाउड प्लस झालं.

आता सेवेबद्दल. मी डॉट मॅकच्या काळापासून पैसे भरतेय आणि सध्या घरातल्या सहाजणांच्या फॅमिली शेअरिंगची सूत्रं माझ्याकडे आहेत. या काळात एक गोष्ट कंपनीने मनापासून पाळली: जुने पत्ते मारले नाहीत. ज्यांनी वेळच्या वेळी खातं पुढे हलवलं त्यांचे मॅक डॉट कॉम (mac.com) आणि मी डॉट कॉम (me.com) दोन्ही पत्ते आजही चालतात. माझे चालतात. इतक्या बारशांनंतरही माझ्या बँकेला नवा ईमेल कळवावा लागलेला नाही, याचे गुण मी पैकीच्या पैकी देते.

'हाइड माय ईमेल' हे माझं लाडकं. कुठल्याही साइटवर नाव नोंदवताना खरा पत्ता द्यायचा नाही. सेवा एक वेडावाकडा पत्ता तयार करून देते आणि त्यावर आलेली मेल आपल्या पेटीत टाकते. त्रास सुरू झाला की तेवढा पत्ता बंद. त्या पत्त्यांची यादी पाहिली की आपला पत्ता कोणी कोणाला विकला हेही बिनबोभाट कळतं. 'प्रायव्हेट रिले' ही आपण कुठल्या साइट पाहतो ते लपवायची सोय मुख्यतः सफारी ब्राउझरपुरती आहे आणि ती काही पूर्ण व्हीपीएन (फोनची सगळी इंटरनेट वाहतूक लपवणारी सेवा) नव्हे, पण कल्पना हुशार आहे: पहिल्या टप्प्यावर ॲपलला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे चाललात ते नाही, दुसऱ्या टप्प्यावर बाहेरच्या कंपनीला कुठे चाललात ते कळतं पण तुम्ही कोण ते नाही. स्वतःचं डोमेन जोडायची सोयही आहे, पाच डोमेनपर्यंत. मी आडनावाचं जोडलंय. भाचीला त्या पत्त्याचं भारी अप्रूप, भावाने एकदाही वापरलेला नाही.

मग मुख्य दुखणं. ५ जीबी.

२०११च्या ऑक्टोबरात आयक्लाउडबरोबर आला तो आयफोन फोर एस, सुरुवातीची साठवण १६ जीबी. २०२५चा आयफोन सतरा सुरूच होतो २५६ जीबीपासून. मोफत जागा तेव्हा ५, आजही ५. गुगल २०१३पासून १५ देतंय. या ५ जीबीत आजच्या फोनचा बॅकअपसुद्धा मावत नाही, म्हणजे मोफत योजना ही योजना राहिलेली नाही, 'जागा संपली' ही सूचना दाखवायचं ते निमित्त झालंय. आणि कंपनी ते सोडेल असंही वाटत नाही. २०२४च्या आर्थिक वर्षात सेवांमधून ९६ अब्ज डॉलरच्या वर उत्पन्न आलं, त्यात या 'जागा संपली'च्या सूचनेचा वाटा किती असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

दुसरं, पायऱ्या. ५० जीबी, २०० जीबी, मग एकदम २ टीबी. अमेरिकी दरात सांगायचं तर ९९ सेंट, २.९९ डॉलर, मग धाडकन ९.९९. मध्ये काहीच नाही. एकेकाळी १ टीबीची योजना होती, २०१७मध्ये ती काढून त्याच पैशांत २ टीबी दिले. ऐकायला औदार्य वाटतं, पण ज्याला ३०० जीबी हवेत त्याला आजही दहापट जागेची उडी आणि तिपटीहून जास्त पैसे. वरच्या टोकाला मात्र २०२३मध्ये ६ आणि १२ टीबी आले. म्हणजे पायऱ्या बांधता येतात. मधली बांधायची इच्छा नाही.

तिसरं दुखणं आईमुळे माझ्या नीट लक्षात आलं. तिने फोन पुढे केला.

"अगं, फोनमध्ये जागा नाही म्हणतोय. फोटो वर ढगात आहेतच ना? मग इथले पुसून टाकू?"

"नको आई, इथले पुसलेस की वरचेही जातात."

"मग वर ठेवलेत म्हणजे काय केलंय?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, कारण प्रश्न रास्त आहे. आयक्लाउड फोटोज ही जुळवणी आहे, प्रत नव्हे. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. 'नुकतेच पुसलेले'मध्ये तीस दिवस मिळतात, मग कायमचं गेलं. जागा वाचवायचं बटण वेगळं आहे, सेटिंगमध्ये, 'ऑप्टिमाइझ' या नावाखाली. आईने ते बटण शोधावं अशी अपेक्षा करणारा माणूस माझ्या आईला ओळखत नाही.

तर ॲपल क्लाउड येणारच असेल, तर त्याच्यासोबत काय यावं? नामांतर आणि सुधारणा एकत्र कशा करायच्या याचा नमुना गुगलने २०१८मध्ये दाखवलाय. ड्राइव्हच्या पैसे भरून घ्यायच्या योजनांचं गुगल वन केलं, त्याच वेळी १ टीबीच्या दरात २ टीबी दिले, २०० जीबीची मधली पायरी घातली आणि कुटुंबात वाटून घ्यायची मुभा दिली. नाव लक्षात राहिलं कारण त्याच दिवशी हातात काहीतरी पडलं. उलट एचबीओ मॅक्स ही स्ट्रीमिंग सेवा पाहा: मे २०२३मध्ये नुसतं मॅक्स, जुलै २०२५मध्ये पुन्हा एचबीओ मॅक्स. एवढा खर्च करून जिथून निघाले तिथेच पोचले.

माझी पहिली मागणी: एका उपकरणाचा बॅकअप जागेच्या हिशेबातून वगळा. फोन विकत घेतलाय, त्याची एक प्रत ठेवायला वेगळं भाडं नको. हे केलं तर ५ जीबीचे १५ नाही केले तरी चालेल. दुसरी, ५०० जीबी किंवा १ टीबीची पायरी. तिसरी, फोटोंसाठी खरीखुरी संग्रह-प्रत, फोनवरून पुसलं तरी वर राहील अशी. हवं तर ती फक्त पैसे भरणाऱ्यांना द्या, मी कुरकुर करणार नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये इन्व्हाइट्स हे आमंत्रणांचं ॲप प्लसवाल्यांसाठी आणलं, तसल्या शोभेच्या भेटींपेक्षा हे कितीतरी उपयोगाचं होईल.

आणि प्लस काढण्याबाबत माझं मत उलटं आहे. टीव्हीच्या सेवेला मोफत भाऊ नव्हता, म्हणून तिथला प्लस शोभेचाच होता. इथे तो काम करतोय: मोफत ते आयक्लाउड, पैशांचं ते आयक्लाउड प्लस. तो गेला की कुटुंबातल्या प्रत्येकाला 'तुझं कुठलं क्लाउड?' हे मलाच विचारत बसावं लागेल. नाव बदलाच, पण दोन्ही पातळ्यांना वेगळी नावं ठेवा.

आज पैसे टाकावेत का? तिघं-चौघं मिळून वाटणार असाल तर २०० जीबी जरूर घ्या, एकट्यासाठी ५० जीबी पुरतात. २ टीबीवर जायच्या आधी मात्र सेटिंगमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून आयक्लाउडची साठवण उघडा आणि बॅकअपची यादी बघा. विकून टाकलेल्या जुन्या फोनचा बॅकअप तिथे हमखास बसलेला असतो. बॅकअप बंद केल्यावरही तो १८० दिवस ठेवला जातो. तो काढा, मेसेजेसमधले मोठे व्हिडिओ काढा, आणि मग ठरवा.