डिस्पोजेबल व्हेप सोडून पुन्हा जुन्या मॉडवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

1 जून 2025 पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या (डिस्पोजेबल) व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली आणि मी कपाटातला जुना मॉड (बॅटरी आणि बटण असलेला भाग) आणि टँक (त्यावर बसणारी, निकोटिनचं लिक्विड भरायची टाकी) बाहेर काढला. सिगारेट सुटली ती याच जोडीवर. मधली दोन-तीन वर्षं मात्र डिस्पोजेबलच चालू होती, कारण त्यात काही भरायचं नाही की काही बदलायचं नाही. आता जुन्यावर येऊन बरेच महिने झालेत. कुणाकडे असा संच पडून असेल, तर पुढचं कामाला येईल. ज्यांनी कधी सिगारेट ओढलेली नाही, त्यांनी मात्र यातलं काहीच घेऊ नये. सिगारेटपेक्षा हे बरंच कमी घातक आहे, पण निर्धोक नाही, आणि निकोटिनची सवय ती सवयच.

मॉड पहिल्या बटणाला सुरू झाला. बॅटऱ्या मात्र सरळ बाद केल्या. 18650 सेल (मॉडमध्ये घालायचा सुटा, गोल लिथियम सेल) वर्षानुवर्षं पडून राहिला आणि त्याचा व्होल्टेज अडीचच्या खाली गेला, तर तो पुन्हा चार्ज करायच्या फंदात पडू नये. एका सेलचं वरचं प्लास्टिक आवरणही फाटलं होतं. तसा सेल धातूच्या नळीत घालणं म्हणजे शॉर्टसर्किटला आमंत्रण. दोन्ही सुपरमार्केटमधल्या बॅटरीच्या डब्यात टाकले आणि सॅमसंगच्या 25आर मॉडेलच्या नव्या घेतल्या, त्याही नुसत्या बॅटऱ्याच विकणाऱ्या दुकानातून, कारण बाजारात नकली माल खूप आहे. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीच ठेवत नाही, प्लास्टिकच्या डबीत ठेवतो. मॉडचं मायक्रो यूएसबी पोर्ट वापरतच नाही. वेगळा चार्जर बरा पडतो.

टँकचे रबरी ओ-रिंग कडक झाले होते, ते बदलले. हा टँक खालून भरायचा. उलटा धरायचा, तळ उघडायचा आणि बाटलीचं टोक काचेला टेकवून लिक्विड कडेकडेने सोडायचं. मधल्या नळीत एक थेंब जरी गेला, तरी पहिल्याच झुरक्याला गुडगुड आवाज येतो आणि तोंडात कडवट लिक्विड येतं. नवी कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तार) बसवताना तिच्या कापसावर आधी चार-पाच थेंब टाकतो, टँक भरतो आणि दहा मिनिटं तसाच ठेवतो. ही दहा मिनिटं वाचवायला जाल तर कापूस जळतो, आणि तो जळका वास कॉइल फेकेपर्यंत जात नाही. 1.8 ओहमची कॉइल 12 वॅटवर छान चालते. हवेच्या चार भोकांपैकी सर्वांत लहान भोकावर ओढ सिगारेटसारखी घट्ट लागते.

खरा फरक निकोटिनमध्ये पडला. डिस्पोजेबलमध्ये 2 मिली लिक्विड आणि मिलीला 20 मिलिग्रॅम निकोटिन सॉल्ट (आम्ल मिसळून सौम्य केलेलं निकोटिन), म्हणजे कायद्याने चालणारी कमाल मात्रा. सॉल्ट घशाला लागत नाही, त्यामुळे फोनवर बोलता बोलता, टीव्ही बघता बघता ओढत राहायचो. किती गेलं ते दिसायचं नाही, दिवा लुकलुकला की संपलं एवढंच कळायचं. टँकही 2 मिलीचाच, पण काच पारदर्शक. त्यात साधं फ्रीबेस, म्हणजे आम्ल न मिसळलेलं, निकोटिन भरतो. सुरुवात मिलीला 12 मिलिग्रॅमने केली. ते घशाला चांगलंच लागतं, तीन-चार झुरक्यांत तलफ भागते आणि मॉड आपोआप टेबलावर जातो. शिवाय टँक रिकामा झाला की उठून भरावा लागतो आणि सकाळपासून किती झालं याचा हिशेब तिथेच होतो. आता 6 वर आहे. 6 वर आलो तेव्हा सुरुवातीला लिक्विड जास्त संपायचं. काही आठवड्यांत ते जागेवर आलं.

खर्चही उतरला. 10 मिलीची बाटली तीन-चार पौंडांना मिळते, कॉइल मला दीड-दोन आठवडे पुरते. फार गोड लिक्विड घातलं की कॉइल लवकर काळी पडते, म्हणून मी साधा पुदिना किंवा तंबाखूची चव घेतो. 1 ऑक्टोबर 2026 पासून दर 10 मिलीवर 2.20 पौंड कर ठरला आहे. तो धरूनही हेच स्वस्त पडेल.

त्रास आहेतच. मॉड शर्टाच्या खिशात जड होतो. गाडीत आडवा पडला की हवेच्या भोकातून लिक्विड पाझरतं, म्हणून टिश्यू जवळ लागतोच. तरी फेकाफेक थांबली याचं समाधान मोठं आहे. 2023 मध्ये ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे 50 लाख डिस्पोजेबल फेकली जात होती, आणि प्रत्येकात एक लिथियम बॅटरी. कचरागाड्यांना आगी लागायच्या त्यातल्या बऱ्याच अशा बॅटऱ्यांमुळे. हे माझ्या मनाला लागायचं.

भारतात जाताना संच इथेच ठेवून जा. 2019 च्या कायद्याने तिथे ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे, आणि आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुण्याला गेलो की मी केमिस्टकडून 2 मिलिग्रॅमची निकोटिन गम घेतो. पहिले दोन दिवस चिडचिड होते, मग निभतं.